भाड्याच्या घरात गणपतीची आरास: भिंत खराब न करता काय आणि कसं चिकटवू?

शेवंती

नमस्कार मंडळी. यंदा गणपती पहिल्यांदाच आमच्याकडे बसणार आहे. आजवर डोंबिवलीला दादाकडे असायचा, पण त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. त्यामुळे या वर्षी पुण्यात, आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. गौरींबरोबर विसर्जन असतं आमच्याकडे.

करारात स्पष्ट लिहिलंय की भिंतीला खिळा नाही, ड्रिल नाही आणि घर सोडताना भिंत खराब दिसली तर रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापला जाईल. घरमालक काका सज्जन आहेत, त्यांनी हौसेने परवानगी दिली आहे. त्यांच्या घराला ओरखडाही उठू नये असं मनापासून वाटतं.

करायचं आहे ते असं: मूर्तीच्या मागे आईच्या नारायणपेठी साडीचा पाच फूट रुंद पडदा, त्यावर आणि बाजूला मुलांनी केलेली कागदी कमळं, एलईडीची माळ, आणि समोर सहा फुटांच्या अंतरात झेंडूचं तोरण. बाजारात दुहेरी टेप, निळी पुटी (कागद चिकटवायचा मऊ गोळा), चिकटपट्टीचे काढता येणारे हुक असं बरंच काही दिसतं. सगळ्यांवर ‘भिंतीला डाग नाही’ असंच लिहिलेलं असतं. कोणतं कशासाठी वापरायचं? अनुभवी लोकांनी कृपया सांगावं.

रंधा

ताई, काय आणायचं ते नंतर ठरवा, आधी भिंत ओळखा. गडद रंगाचं सुती फडकं घ्या आणि भिंतीवर दाबून चार वेळा फिरवा. फडक्याला पांढरी भुकटी लागली तर डिस्टेंपर, म्हणजे भुकटी सुटणारा साधा रंग आहे. मग ओल्या बोटाने एक थेंब लावून बघा. थेंब शोषला जाऊन तिथे गडद डाग पडला तरी तेच. थेंब तसाच राहिला आणि फडकं स्वच्छ निघालं तर प्लास्टिक इमल्शन आहे, त्यावर बरंच काही करता येतं.

डिस्टेंपरवर टेप धरतो तो त्या भुकटीला, भिंतीला नाही. मग दोनच गोष्टी होतात: एक तर रात्रीतून सगळं खाली येतं, नाही तर काढताना रंगाचा पापुद्रा टेपला चिकटून येतो, कधी रंगाखाली भिंतीला लावलेल्या पुटीच्या थरासकट. यात महाग टेप, स्वस्त टेप असा फरक नाही. टेप जितका पक्का, तितका मोठा पापुद्रा.

दुसरं, भाद्रपदात बाहेरच्या भिंती ओल धरून असतात. पोपडे दिसत नसले तरी हात लावल्यावर गारवा कळतो. अशा भिंतीला काहीही लावू नका, दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा. रंग नुकताच दिलेला असेल तर किमान आठवडा जाऊ द्या.

शेवंती

रंधा, आत्ताच करून पाहिलं. टीव्हीमागची भिंत इमल्शनची निघाली, फडकं अगदी स्वच्छ. पण जिथे गणपती बसवायचा आहे ती भिंत डिस्टेंपरची आहे, फडक्यावर चांगली भुकटी आली. जागा बदलता येणार नाही. मूर्तीचं तोंड पूर्वेला हवं असा सासूबाईंचा आग्रह आहे आणि त्यांचं मन मला मोडायचं नाही.

रंधा

मोडूही नका. पडदा भिंतीला लावायचाच नाही, एवढंच. पाऊण इंची पीव्हीसी पाइप घ्या. दोन उभे, वर एक आडवा, कोपऱ्यात एल्बो, आणि खाली प्रत्येक उभ्या पाइपला टी लावून पुढे-मागे फूटभर पाय. पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावायचं नाही, नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे पुढच्या वर्षी परत वापरता येतं. पायांवर विटा ठेवा आणि उभे पाइप टेबलाच्या पायांना सुतळीने बांधा. साडी वरच्या पाइपवरून टाकून मागून कपड्यांच्या चिमट्यांनी धरायची. साडीला टेप लावू नका, जरीचे धागे ओढले जातात.

आरास जितकी स्वतःच्या पायावर उभी राहील तितकं चिकटवायचं काम कमी. माझं ठाम मत आहे की वजन चौकटीवर, खिडकीच्या ग्रिलवर, पेल्मेटवर किंवा अशा फ्रेमवर द्यावं. भिंतीला चिकटवायचं ते फक्त कागद आणि वायर. आणि मूर्तीच्या बरोबर वर चिकटवलेलं काहीही नको. शाडूच्या मूर्तीवर हलका हुक पडला तरी सोंडेचा किंवा बोटांचा टवका उडतो.

डिचोलीकर

आमच्याकडे गोव्यात माटोळी असते. लाकडी चौकटीला फळं, भाज्या, रानातली फुलं-फळं बांधून ती देवाच्या वर टांगतात. तिचं वजन बरंच होतं, म्हणून जुन्या घरांत छतालाच कायमची सोय केलेली असते. फ्लॅटमध्ये राहणारे नातेवाईक हल्ली लहान माटोळी करतात, पण तीही स्टँडवरच. कुणी गोंद-टेपवर भरवसा ठेवत नाही. रंधा म्हणतात ते शंभर टक्के पटलं.

झोळ

तोरणाबद्दल लिहितो, कारण लोक वजनाचा विचार करतात पण ताणाचा करत नाहीत. सहा फुटांच्या अंतरात एक किलोची माळ बांधली आणि मध्ये फक्त दोन इंच झोळ ठेवला, तर प्रत्येक टोकाला साधारण साडेचार किलोची ओढ बसते. झोळ सहा इंच केला की तीच ओढ दीड किलोवर येते. माळ तीच, हुक तेच. ताठ तोरण सुबक दिसतं खरं, पण तेच हुक उपटून काढतं.

शिवाय ही ओढ भिंतीपासून बाहेरच्या दिशेने असते. चिकटपट्टी भिंतीलगत खाली जाणाऱ्या वजनाला चांगली तोंड देते, बाहेर ओढलं की कडेपासून सुटत जाते. पाकिटावर लिहिलेलं वजन भिंतीलगत सरळ खाली लोंबणाऱ्या वस्तूचं असतं. तोरणासाठी त्याच्या निम्मंसुद्धा धरू नका. आणि झेंडूवर पाणी शिंपडलं की माळ जड होते, तेही हिशोबात घ्या.

तुमच्याकडे एका बाजूला खिडकी आहे का? ते टोक ग्रिलला बांधा. दुसरं टोक दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला अडकवता येत असेल तर हुक लागणारच नाही.

शेवंती

खिडकी आहे! दुसऱ्या बाजूला टीव्हीची भिंत येते. तिथे काढता येणारा हुक चालेल ना?

पुठ्ठा-कात्री

चालेल, पण नीट लावला तर. मी शाळेत हस्तकला शिकवते, वर्गाच्या भिंतींवर वर्षभर हेच चालू असतं.

मेडिकलच्या दुकानातून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. कापसाच्या बोळ्याने जागा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. साबणाच्या पाण्याने किंवा काच पुसायच्या स्प्रेने पुसू नका, त्याचा थर मागे राहतो आणि पट्टी धरत नाही. पट्टी लावल्यावर अर्धा मिनिट अंगठ्याने जोर देऊन दाबा. मग तासभर काहीही टांगू नका. तोरण गणपतीच्या सकाळी बांधणार असाल तर हुक आदल्या दिवशीच लावून ठेवा.

आता कमळं. पडद्यावरची टाचणीने नाही तर बारीक सेफ्टी पिनांनी लावा, तीही पदराच्या काठाला न लावता दुसऱ्या साध्या कापडाच्या पट्टीला, म्हणजे आईच्या साडीला भोकं पडणार नाहीत. टीव्हीच्या भिंतीवरच्या कमळांना निळी पुटी चालेल. वाटाण्याएवढी घ्या, बोटांत मळून मऊ करा, कमळाच्या मागे पुठ्ठ्याची चकती लावून त्यावर बसवा. तिच्यात तेलकट अंश असतो, म्हणून महिनोन्‌महिने ठेवू नका आणि डिस्टेंपरवर तर नकोच, डाग उतरतो. काढताना ओरबाडायची नाही, त्याच पुटीच्या गोळीने टिपत टिपत उचलायची.

कागदाला कागद जोडायला मात्र मैद्याची खळ सगळ्यात छान. मुलांच्या हाताला बाधत नाही. फक्त दमट हवेत तिला बुरशी धरते आणि झुरळंही येतात, म्हणून पातळ लावा आणि पंख्याखाली कडक वाळवा. खळ टिकावी म्हणून मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. मुलं आणि नैवेद्य असलेल्या घरात नको.

२०१८ पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. मला त्याचा आनंदच वाटतो. कागद-कापड हलकं असतं, भिंतीवर भार येत नाही.

झोळ

पुठ्ठा-कात्री, मस्त लिहिलंत. निघणारा गोंद निघतो कसा, हेही सांगावंसं वाटतं. १९६८ मध्ये थ्रीएम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांना एक असा गोंद सापडला की त्यात बारीक गोल कण होते. ते पृष्ठभागाला सपाट न चिकटता ठिकठिकाणी टेकतात, म्हणून कागद धरूनही राहतो आणि सहज उचलताही येतो. त्यावरूनच चिकटचिठ्ठ्या निघाल्या आणि १९८० मध्ये त्या अमेरिकेत सगळीकडे विकायला आल्या. हुकाच्या पट्टीचं तत्त्व वेगळं आहे. ती रबरासारखी लांबते, लांबताना पातळ होते आणि भिंतीवरची पकड आपणहून सोडते. म्हणून ती ओढायची दिशा फार महत्त्वाची.

शेवंती

किती सविस्तर सांगितलंत सगळ्यांनी! पाइप आज आणतेच. दोन शंका राहिल्या. ती पट्टी नेमकी कशी काढायची? आणि लाकडी कपाटावर आधीच्या भाडेकरूंच्या टेपचा डिंक राहिला आहे, तोही काढून टाकावा म्हणते.

पुठ्ठा-कात्री

पट्टीचं शेपूट, म्हणजे ओढायचं मोकळं टोक, खाली राहील अशीच ती लावायची असते. एका हाताने हुक नुसता धरा, दाबू नका. दुसऱ्या हाताने शेपूट धरून भिंतीला घासत सरळ खाली ओढा, अगदी सावकाश. ती वीतभर लांबेल, घाबरू नका, ओढत राहा. स्वतःकडे ओढली की मात्र रंग घेऊन येणार. शेपूट तुटलंच तर केस वाळवायच्या यंत्राने जरा ऊब द्या आणि जाड शिलाईचा दोरा पट्टीच्या मागून करवतीसारखा फिरवा. घाई नको. विसर्जनाच्या रात्री सगळे दमलेले असतात, हे काम दुसऱ्या दिवशी उजेडात करा.

रंधा

कपाट सनमायकाचं असेल तर डिंकावर खोबरेल तेल लावून दहा मिनिटं ठेवा, बोटाने चोळलं की गोळा होऊन निघेल, मग साबणाच्या फडक्याने पुसा. पॉलिशचं लाकूड असेल तर स्पिरिट लावू नका. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्येच विरघळवून करतात, डिंकाबरोबर पॉलिशही जाईल. तिथेही तेलच, आणि आधी आतल्या बाजूला लावून बघायचं. भिंतीवरच्या डिंकाला मात्र तेल कधीच नाही. तो डाग वर येत राहतो आणि पुढचा रंगही तिथे धरत नाही.