मदत हवी आहे: सप्टेंबरमध्ये बाबांना फेनवे पार्कला न्यायचंय, सीट कुठे घेऊ?

नमस्कार मंडळी, बॉस्टनकरांना आणि बेसबॉल बघणाऱ्या सगळ्यांनाच विचारतेय, जरा घाई आहे कारण बाबा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगलीहून येतायत आणि महिनाअखेर सीझन संपतो, त्याआधी त्यांना फेनवे पार्कला, म्हणजे इथल्या रेड सॉक्स संघाच्या मैदानावर, एक तरी मॅच दाखवायचीच आहे.

थोडं आधीचं सांगते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. सहा वर्षं इथे राहून मी बेसबॉलकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, यंदा ऑफिसमधल्या मैत्रिणीबरोबर एप्रिलमध्ये गेले आणि आत्तापर्यंत नऊ मॅचेस झाल्या. पहिल्या मॅचला छपराखालच्या ग्रँडस्टँडमध्ये होतो, तिथे ऊन येत नाही पण वारा बरोब्बर येतो, चौथ्या इनिंगपर्यंत पायाची बोटं बधिर आणि खेळ काही कळत नव्हता ते वेगळंच. दुसरी पेट्रियट्स डेची (इथली एप्रिलमधली सुट्टी), ती सकाळी अकराच्या सुमारास सुरू होते आणि संपवून बाहेर पडलं की केनमोर चौकातून मॅरेथॉनचे लोक धावत असतात, घसा बसेपर्यंत ओरडले त्या दिवशी.

मे महिन्यात एका रीसेल साइटवरून तिकीट घेतलं आणि सीटसमोर छपराचा खांब! बॅटर दिसतोय पण पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, दिसत नाही, साइटवर त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पण खरा खेळ मला त्याच दिवशी कळायला लागला, कारण शेजारी एक आजोबा होते, मांडीवर वही, हातात बोटभर उरलेली पेन्सिल, आणि मला दिसत नव्हतं ते सगळं ते लिहिता लिहिता सांगत होते. प्रत्येक फील्डरला नंबर असतो, ६-४-३ लिहिलं की समजायचं शॉर्टस्टॉपने बॉल उचलला, सेकंड बेसमनकडे दिला, तिथून फर्स्टला, दोन आउट. बॅटर बॅट फिरवून स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) झाला तर के, आणि तिसरा स्ट्राइक नुसता बघत राहिला तर उलटा के. १९१८ नंतर रेड सॉक्सनी वर्ल्ड सिरीज (विजेतेपदाची अंतिम मालिका) जिंकली ती थेट २००४ ला, मधे ८६ वर्षं गेली, आणि त्यांच्या वडिलांना २००४ बघायला मिळालं नाही हे ते दोनदा बोलले. त्यानंतर मी पण वही घेऊन जाते.

आता बाबांचं. बाबा तार ऑफिसात होते, आणि रविवारी तालुक्याच्या मॅचेसना स्कोअरर. मेडन ओव्हर पडली की सहा टिंबं जोडून ते एम काढायचे, विकेट मेडन असेल तर तीच टिंबं जोडून डब्ल्यू, ते मी शेजारी बसून बघितलंय लहानपणी. त्यामुळे बेसबॉलची वही त्यांना आवडेलच, त्याची काळजी नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळीच आहे. फेनवेला लेफ्ट फील्डला ती ३७ फुटी हिरवी भिंत आहे ना, ग्रीन मॉन्स्टर, तिच्या तळाशी जो हाताने पाट्या बदलायचा स्कोअरबोर्ड आहे त्यावर पांढऱ्या उभ्या रेघा आहेत, आणि त्यातल्या दोन रेघांमध्ये मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या टिंब-रेघांच्या लिपीत, अक्षरं आहेत! जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांची पत्नी जीन यांची आद्याक्षरं. आजोबांनी दाखवलं तेव्हा अंगावर काटा आला. बाबा अजून जेवणाच्या टेबलावर नखाने कड कट्ट वाजवत बसतात, मला माझं नाव त्यांनी तसंच शिकवलंय, बाकी मला काही वाचता येत नाही. २०१३ ला तार बंद झाली त्या दिवशी ते रात्री जेवले नव्हते. मला त्यांना आधी काहीच सांगायचं नाहीये, फक्त अशा जागी बसवायचंय की त्यांची नजर आपोआप तिथे जाईल आणि ते स्वतः वाचतील.

तर प्रश्न असा की कुठल्या बाजूने ते नीट दिसतं? वय ७६, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लांबचं चांगलं दिसतं पण गुडघे दुखतात, त्या लाकडी खुर्च्यांत माझेच पाय मावत नाहीत. प्रेक्षकांत उडून येणाऱ्या फाउल बॉलची पण भीती वाटते. आणि केनमोर स्टेशनला उतरून कितपत चालावं लागतं हो, म्हाताऱ्या माणसाच्या चालीने? यांकीजची (रेड सॉक्सचे कट्टर प्रतिस्पर्धी) मॅच नको, तिकीट परवडणार नाही.

प्रतिसाद १
ताई, फर्स्ट बेसच्या बाजूला घ्या, तिथून भिंत समोर येते. थर्ड बेसकडे बसलात तर भिंत कडेला जाते. पण फार उजवीकडे राइट फील्डच्या ग्रँडस्टँडमध्ये जाऊ नका, तिथल्या खुर्च्यांची तोंडं मैदानाच्या मध्याकडे आहेत, होम प्लेट बघायला अख्खी मॅच मान वळवून बसावं लागतं. लोज बॉक्स बघा, ते ग्रँडस्टँडच्या पुढे असतात त्यामुळे खांबाचा प्रश्नच नाही. कडेची सीट घ्या म्हणजे पाय सोडता येतो. होम प्लेटच्या दोन्ही बाजूंना जाळी असते, तिच्यामागे बसवा. केनमोरहून आम्ही आईला नेलं होतं, हळू चालत पंधरा मिनिटं, स्टेशनला लिफ्ट आहे. आणि २०२३ पासून पिच क्लॉक आलंय, बेसवर कोणी नसेल तर पिचरला बॉल टाकायला १५ सेकंदच मिळतात, त्यामुळे मॅच पूर्वीसारखी लांबत नाही.

प्रतिसाद २
छोटी दुर्बीण न्या, एवढ्या लांबून टिंब आणि रेघ वेगळी ओळखणं चांगल्या डोळ्यांनाही अवघड आहे. किंवा मॅचआधी एक दिवस स्टेडियमची टूर करा, जवळून दिसेल. अजून एक, बाबांनी ती अक्षरं वाचली की यॉकी कोण हे विचारतीलच, तेव्हा हेही सांगा की त्यांच्याच काळात रेड सॉक्स हा कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सगळ्यात शेवटचा संघ होता, पम्पसी ग्रीन, १९५९. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सननंतर १२ वर्षांनी. बाहेरच्या रस्त्याला यॉकींचं नाव होतं ते २०१८ ला बदलून परत जर्सी स्ट्रीट केलं.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. हे १९५९ चं माहीतच नव्हतं, बाबांना नक्की सांगणार, त्यांना अर्धी गोष्ट सांगितलेली आवडत नाही. फर्स्ट बेसकडची लोज बॉक्समधली कडेची सीट मिळतेय मंगळवारच्या मॅचची, आज रात्री घेऊन टाकते. टूर नको, जवळ नेलं तर त्यांना संशय येईल. दुर्बीण घेते, पक्षी बघायला म्हणून सांगेन. आता फक्त एक सांगा, सप्टेंबरमध्ये रात्री तिथे स्वेटर पुरतो की शाल पण बरोबर ठेवू?