उजनीचा रॉड तीर्थनला चालेल का?

मे महिन्याच्या सुट्टीत सोलापूरहून हिमाचलातल्या तीर्थन खोऱ्यात ट्राउट (थंड पाण्यातला मासा) पकडायला जाताना उजनी धरणावर वापरतो तोच रॉड न्यावा, असं काही जण सुचवतात. नका नेऊ. कटल्याचा जाड रॉड आणि २० पौंडी दोर घेऊन ३-५ ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) धड दहा फूटही जात नाही. ६ ते ७ फुटी हलका रॉड, ४ ते ६ पौंडी दोर आणि १ किंवा २ नंबरचा स्पिनर पुरे. पेंड-कणकेचा गोळा तर घरीच ठेवा. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला उभा असतो, म्हणून खालच्या बाजूने जाऊन वर तिरकं फेकायचं आणि पाण्यापेक्षा किंचित जास्त वेगाने ओढायचं. हळू ओढलं की पातं फिरत नाही आणि गळ तळाच्या दगडात अडकतो.

आता महिन्याबद्दल. मे-जूनमध्ये उन्हाने बर्फ वितळून दुपारनंतर पाणी चढतं, गढूळ होतं. खरी वेळ पहाटेपासून दहा-अकरापर्यंतची. त्यामुळे गाइडला अर्ध्या दिवसाचे पैसे देणार असाल तर सकाळचाच अर्धा मागा. जमलं तर मार्च-एप्रिल किंवा पावसानंतरचा ऑक्टोबर निवडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी अंडी घालण्याचा काळ, तेव्हा हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात बंदी असते. मत्स्य विभागाचा परवाना आधी काढा. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका, आणि सोडायच्या माशाला कोरडा हात लावू नका. अंगावरचा बुळबुळीत थर निघाला की बुरशी धरते.