खटल्याच्या फायली एन्क्रिप्ट केल्या, पण प्रायव्हेट की (त्या उघडणारी गुप्त किल्ली) ठेवायची कुठे?

वकीलकट्टा: पोक्सोच्या खटल्यांतले जबाब, वैद्यकीय अहवाल जीपीजीने (फायली कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर) एन्क्रिप्ट करायचेत. ऑफिसचा लॅपटॉप तिघे वापरतात. की त्यावरच ठेवली तर चालेल?

कुलूपकिल्ली: नको. मूळ की नेट नसलेल्या मशीनवर बनवा, सब-की (मूळ कीखालच्या रोजच्या वापराच्या उपकिल्ल्या) युबिकीत, म्हणजे की साठवणाऱ्या यूएसबी उपकरणात, घाला. पण आधी बॅकअप! की कार्डावर (म्हणजे युबिकीवर) हलवून 'सेव्ह' केलं की डिस्कवरची प्रत जाते आणि कार्डातून की परत काढता येत नाही. बॅकअप नसताना कार्ड हरवलं की फायली गेल्याच. बॅकअप दोन पेनड्राइव्हवर, दोन जागी, पासफ्रेज (कीचा लांब पासवर्ड) तिसरीकडे. युबिकीचा पिन मुळात १२३४५६ असतो, अ‍ॅडमिन पिन १२३४५६७८. दोन्ही बदला. तीनदा चुकला की पिन लॉक.

सहीशिक्का: रिव्होकेशन सर्टिफिकेटही (की रद्द झाल्याचं जाहीर करणारी फाइल) छापून ठेवा. जीपीजी ते आपोआप बनवतं, पण पहिल्या डॅशओळीआधी मुद्दाम कोलन टाकलेला असतो. तो काढल्याशिवाय इम्पोर्ट होत नाही. आणि की रद्द केली तरी चोराला जुन्या फायली उघडता येतातच.
फाइलच्या नावात पीडितेचं नाव नको. ते एन्क्रिप्ट होत नाही, ईमेलचा विषयही सहसा नाही. मग कुलूप कशाला?

वकीलकट्टा: मूळ पीडीएफ श्रेड करू (वर नवा मजकूर लिहून पुसू)?

कुलूपकिल्ली: एसएसडीवर (चिपवाल्या डिस्कवर) श्रेडचा भरवसा नाही, नवा मजकूर दुसऱ्याच ब्लॉकवर जातो. पूर्ण डिस्क एन्क्रिप्शन आधीच चालू हवं. आणि मूळ फाइल उडवण्यापूर्वी बॅकअपमधल्या कीने एक फाइल उघडून बघा.