दोन टर्म झाल्या की खासदार घरी? जरा थांबा!

गिरगावकर
काल इथेच एकाने लिहिलं, ‘दोन टर्म झाल्या की खासदाराला कायद्यानेच घरी बसवा, संसद म्हणजे वृद्धाश्रम नव्हे.’ खाली लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस! रात्रभर डोक्यात तेच, म्हणून लिहितोय.

इंद्रजित गुप्ता अकरा वेळा लोकसभेत निवडून गेले. गृहमंत्रीही झाले. पण दिल्लीतला मुक्काम वर्षानुवर्षं वेस्टर्न कोर्ट या खासदारांच्या वसतिगृहातल्या साध्या खोल्यांत. आपले मधू दंडवते १९७१ ते १९९१ सलग कोकणातल्या राजापूरचे खासदार. तुमचा नियम असता तर १९८० लाच घरी. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला पाणीपट्टीची फाइल कळायला दोन वर्षं लागली, आणि तिथे अनुदानाच्या मागण्या (खात्यांनी मागितलेला खर्च), कपात सूचना (तो कमी करा म्हणणं), स्थायी समित्या हे सगळं पहिल्या फटक्यात जमावं?

कंटाळा आला तर मतदार आहेच की. लक्षद्वीपचे पी. एम. सईद १९६७ पासून सलग दहा वेळा निवडून आले आणि २००४ ला ७१ मतांनी पडले. ७१! कुठला कायदा लागला?

पार्ले_पूर्व
काका, ते मी लिहिलं होतं. तुम्ही वेचून वेचून सज्जन काढलेत. १९८५ च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघाला की अकराव्यांदा आलेला आणि पहिल्यांदा आलेला, दोघं एकच बटण दाबतात. १९७० नंतर मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेल्या एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही. मग तुमचा तो अनुभव बरणीत नुसता मुरतोय, पानात कधी वाढणार?

आणि मृणालताई गोरे लोकसभेत एकदाच होत्या. १९७७ ला. आजही लोक ‘पाणीवाली बाई’च म्हणतात.

गिरगावकर
मृणालताई १९६१ पासून महापालिकेत होत्या, मग विधानसभेत. नळावरच्या भांडणातून शिकून गेलेली बाई ती! हा माझा मुद्दा झाला, तुमचा नाही.

पार्ले_पूर्व
बरं. खाली शिकून वर जावं, हे मान्य. पण वर जाऊन खुर्चीला डिंक लावून बसावं, हे नाही.

लालबागची_सून
व्हिप-बिप मला कळत नाही. माझ्या दिराचं किडनीचं ऑपरेशन होतं, पंतप्रधान निधीसाठी खासदाराचं पत्र हवं होतं. आमचे साहेब तेव्हा कितव्यांदा तरी निवडून आलेले. चार खेपा घातल्या. पीए म्हणे साहेब अधिवेशनाला, साहेब लग्नाला, साहेब झोपलेत. शेवटी भलत्याच मतदारसंघातल्या नवीन खासदाराने जिन्यात उभ्या उभ्या सही केली. तेव्हापासून जुना म्हटला की माझं मस्तक उठतं.

आणि पेन्शनबद्दल कुणीच कसं बोलत नाही? माजी खासदाराला महिना ३१,०००, पाचच्या वर प्रत्येक वर्षाला अडीच हजार जादा. म्हणजे वीस वर्षं बसला की ६८,५००. माझ्या सासऱ्यांनी कंपनीत तेहतीस वर्षं मशीन चालवलं, पीएफची पेन्शन दोन हजारसुद्धा नाही.

गिरगावकर
ताई, पेन्शनचं तुमचं शंभर टक्के खरं. पण मग पेन्शन कापा ना, माणूस का कापता?

चाकरमानी_कुडाळ
दंडवत्यांचं नाव निघालं म्हणून आलो. सेकंड क्लासच्या लाकडी बाकड्यावर दोन इंच फोम घातला तो त्यांनी, रेल्वेमंत्री असताना. माझे बाबा त्याआधी व्हीटीवरून निघताना घोंगडी घेऊन चढायचे. वीस वर्षं एकाच माणसाने दिल्लीत कोकण रेल्वे, कोकण रेल्वे केलं म्हणून ती झाली.

पार्ले_पूर्व
झाली १९९८ ला. दंडवते १९९१ ला पडले होते. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री होते, ती बांधणारे इंजिनिअर श्रीधरन होते, त्याआधी राजापूरचेच खासदार नाथ पै ओरडून गेले. सगळं एकाच्या नावावर कशाला?

चाकरमानी_कुडाळ
तुम्ही पार्ल्यात बसून आम्हाला कोकण रेल्वे शिकवणार? गणपतीचं तिकीट काढलंय कधी?

पार्ले_पूर्व
देवगडचा आहे मी. दर वर्षी काढतो. म्हणजे काढायला बसतो.

लालबागची_सून
आता कुठे मुद्द्यावर आलात! आधी १२० दिवस आधी बुकिंग, आता ६० दिवस. फरक शून्य. आठ वाजता बसा, आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग. गेल्या वर्षी तुतारी एक्स्प्रेसचं ‘रिग्रेट’ आलं, म्हणजे वेटिंगसुद्धा बंद, दोन लहान मुलं घेऊन जनरल डब्यात उभ्याने रत्नागिरी.

चाकरमानी_कुडाळ
एजंटांकडे बरं मिळतं.

नवी_मुंबईकर
बसने जा ना मग.

चाकरमानी_कुडाळ
मुंबई-गोवा हायवेने? तुम्ही गेलायत का त्या रस्त्याने कधी? की नवी मुंबईतून चंद्रच दिसतो?

नवी_मुंबईकर
बोलायची पद्धत असते.

गिरगावकर
अहो, धागा खासदारांचा आहे!

लालबागची_सून
खासदारांचाच चाललाय. कोकण रेल्वेचा मार्ग अजून बराचसा एकेरी आहे, ते काय आम्ही मागायचं संसदेत? इतक्या टर्म्समध्ये एवढं जमलं नाही आणि अनुभव, अनुभव!

गिरगावकर
राम नाईक उत्तर मुंबईतून सलग पाच वेळा. खासदार निधी त्यांच्या पाठपुराव्याने १९९३ ला सुरू झाला. २००४ ला लोकांनी त्यांना पाडून गोविंदाला निवडलं. पाच वर्षांनी गोविंदा पुन्हा उभेही राहिले नाहीत. घ्या नवा चेहरा.

पार्ले_पूर्व
हे मात्र लागलं. तेव्हा माझी आई बोरिवलीत होती. तिने गोविंदालाच मत दिलं. विचारलं तर म्हणाली, ‘नाचतो छान.’ ठीक आहे काका, दोनऐवजी तीन टर्म करा. त्याहून एक दिवस जास्त देणार नाही.

गिरगावकर
तुमची दानत थोर. चार म्हणा, दंडवते जवळजवळ बसतात.

चाकरमानी_कुडाळ
तुम्ही बसवत राहा. यंदा गणपतीला दादरहून कुणाकडे एक सीट जास्त असेल तर सांगा, आईला गुडघ्यामुळे उभं राहवत नाही.

पार्ले_पूर्व
वेटिंग बावीस आहे माझं. कन्फर्म झालं तर आईंना माझ्या जागेवर बसवा. फोम आहे.