थेंबे थेंबे तळे इथे साचत नाही

रोज पाच-दहा मिनिटं हलक्या हातानं ताण द्यायचा, पण वर्षानुवर्षं न चुकता, म्हणजे लिंगाची लांबी वाढतेच, असं काही जण सांगतात. ऐकायला पटतं, पण गणित जुळत नाही.

आतल्या ताठर होणाऱ्या भागाभोवती कोलॅजनचं चिवट आवरण असतं. ते हळूहळू ताणलं जातं, पण ताण बराच वेळ टिकावा लागतो. पेरोनी आजारात (लिंग वाकडं होतं तो) वापरायची ताण देणारी उपकरणं अनेक अभ्यासांत दिवसाला कित्येक तास, तेही महिनोन्‌महिने लावली गेली. एवढं करून फायदा साधारण एक-दोन सेंटिमीटरचा. पाच मिनिटांत काय होणार?

मग "चार वर्षांत सेंटिमीटरभर वाढली" म्हणणारे खोटारडे का? नाही हो. पट्टी नुसती टेकवली तर एक आकडा, जांघेवरच्या हाडापर्यंत दाबली तर दुसरा. फरक सहज सेंटिमीटरचा, पोट सुटलं असेल तर जास्तच! वजन उतरलं तरी "वाढ" दिसते.

केगल व्यायामाचं मात्र वेगळं. लघवी रोखताना आवळतो तो स्नायू पुन्हा पुन्हा आवळायचा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ताठरतेची तक्रार असलेल्या ५५ पुरुषांपैकी ४० टक्क्यांची ताठरता या व्यायामानं सहा महिन्यांत पूर्ववत झाली. लांबी नाही, हं.

आणि जेल्किंग (लांबी वाढवायला लिंग बोटांनी दाबत ओढणं) जोरात करणाऱ्यांनो, आत व्रण पडून वाकडेपणा येऊ शकतो. गाठ लागली किंवा बधिरपणा आला तर थांबा आणि यूरोलॉजिस्टला दाखवा.