मदत हवी आहे: टीईईआर सावरतो, पण डेक्स्ट्रानची गळती थांबत नाही

कॅको-२ पेशींचा (माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगातून आलेल्या) २१ दिवस वाढवलेला थर आहे. इन्सर्ट, म्हणजे वरचा आणि खालचा कप्पा वेगळे करणारे सच्छिद्र पडद्याचे कप, १२ मिमीचे (१.१२ चौ. सेंमी), छिद्रं ०.४ मायक्रॉन. २ मिलिमोलर ईजीटीएने (कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) कॅल्शियम काढलं की पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रथिनाची पकड सुटते आणि पाठोपाठ टाइट जंक्शन, म्हणजे पेशींमधल्या फटी बंद करणारे सांधे, उघडतात. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. १.८ मिलिमोलर कॅल्शियम परत दिल्यावर टीईईआर (थराचा विद्युत रोध) रात्रभरात मूळ पातळीवर येतो. तरीही ४ किलोडाल्टनचं एफआयटीसी-डेक्स्ट्रान (एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडलेली साखरेची साखळी) खालच्या कप्प्यात उतरतच राहतं.

टीईईआरमध्ये मुख्यतः आयनांची वाट दिसते, म्हणजे सांध्यातल्या क्लॉडिन प्रथिनांची. डेक्स्ट्रानची वाट वेगळी: झेडओ-१, ऑक्लुडिन ही सांध्यातली प्रथिनं आणि त्यांना ताण देणारं मायोसिन लाइट चेन कायनेज हे एन्झाइम. संशय या कायनेजवरच आहे. रिकाम्या इन्सर्टचा रोध वजा करून क्षेत्रफळाने गुणलंय. मोजणी ३७ अंशांवरच, कारण थंड माध्यमात आकडा उगाच फुगतो. वर ०.५ आणि खाली १.५ मिली, त्यामुळे पातळीतल्या फरकाचा दाबही नाही.

एमएल-७ (हे कायनेज रोखणारं रसायन) देऊन बघण्याआधी डेक्स्ट्रानपासून सुटलेला मोकळा एफआयटीसी कसा वगळावा? त्याचा रेणू जेमतेम ३८९ डाल्टनचा, थोडा असला तरी गळती खोटी वाढवून दाखवतो. डायलिसिस पुरतं, की जेलचा कॉलमच लागतो? आणि झेडओ-१ रंगवण्याआधी पेशी स्थिर करायला थंड मेथॅनॉल बरं की पॅराफॉर्मल्डिहाइड?