गोव्यातील कॅसिनोत डीलरची नोकरी : बहिणीला पाठवावे का?

प्रश्न (अमळनेर)

माझी धाकटी बहीण बी.कॉम. झाली आहे. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या एका कॅसिनो जहाजावर शिकाऊ डीलर म्हणून तिची निवड झाल्याचे जळगावच्या एका एजंटाने कळवले असून, रुजू होण्यापूर्वी प्रशिक्षणाची अनामत म्हणून तो चाळीस हजार रुपये मागतो आहे. वडिलांचा विरोध आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावात पत्त्यांचे डाव रंगतात तेव्हा ते काणाडोळा करतात, पण मुलीने पत्ते वाटून पोट भरावे हे त्यांना पटत नाही. उद्या धाड पडली तर तिचे नाव गुन्ह्यात येईल, ही त्यांची मुख्य भीती आहे. हे काम नेमके काय असते आणि कायदा त्याकडे कसा पाहतो, हे माहीतगारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भुसावळ)

दादा, मी काही वर्षे अशाच एका जहाजावर डीलर होतो. तुमच्या वडिलांच्या डोळ्यांसमोर अड्डा आहे, प्रत्यक्षातले काम मात्र बँकेतल्या रोखपालाच्या जवळचे आहे. आमच्या गणवेशाचे खिसे शिवून टाकलेले असत. ग्राहकाने दिलेली नोट थेट हातात घ्यायची नाही. ती टेबलावर पसरून कॅमेऱ्याला दिसेल अशी मांडायची, रक्कम मोठ्याने सांगायची, चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळात लावायच्या चकत्या, मोजून पुढे सरकवायच्या आणि मगच नोट टेबलाच्या फटीतून खालच्या पेटीत ढकलायची. टेबल सोडताना दोन्ही तळवे उलटसुलट करून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात. ही सवय मला इतकी जडली होती की घरी जेवणाच्या ताटावरून उठतानाही हात तसेच फिरायचे आणि आई हसायची.

खरी परीक्षा हिशेबाची असते. रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्याच्या घरात थांबेल यावर पैज लावण्याच्या खेळात, टेबलावरच्या पटावर एका आकड्यावर ठेवलेल्या चिपला ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेषेवरच्या चिपला १७ पट आणि चार आकड्यांच्या कोपऱ्यावरच्या चिपला ८ पट मिळतात. समजा, लागलेल्या आकड्यावर एकाच ग्राहकाच्या तीन चिप्स थेट, दोन रेषेवर आणि एक कोपऱ्यावर असेल, तर १०५ अधिक ३४ अधिक ८, म्हणजे १४७ चिप्स, हे कागद-पेन्सिलीशिवाय, समोरचा गडी टेबल बडवत असताना सांगता आले पाहिजे. बी.कॉम.पेक्षा पाढे उपयोगी पडतात! डीलर लबाडी करतो, हा समजही वडिलांनी सोडावा. एका शून्याच्या चाकावर ३७ घरे असतात आणि पैसे ३५ पटच मिळतात, त्यामुळे शंभर रुपयांच्या बाजीमागे सरासरी २ रुपये ७० पैसे आपोआप मालकाकडेच राहतात. त्याला लबाडीची गरजच पडत नाही.

त्रासही आहे. रात्रपाळी, तासन्‌तास उभे राहणे आणि हरलेल्या माणसाच्या शिव्या. वाद झाला तर मागे उभा असलेला इन्स्पेक्टर (पोलीस नव्हे, टेबलांवर देखरेख करणारा कॅसिनोचाच माणूस) कॅमेऱ्याचे चित्रण पाहून निकाल देतो. डीलरने स्वतः हुज्जत घालायची नसते. माझ्या तुकडीत मुली बऱ्याच होत्या आणि आमचे प्रशिक्षण कंपनीनेच दिले होते, एक पैसाही न घेता.

उत्तर (धुळे, वकिली)

गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांतील जुगाराच्या यंत्रांना आणि पुढे जहाजांवरील टेबलांनाही परवान्याची वाट मोकळी झाली. त्यामुळे परवानाधारक जहाजावर नोकरी करणे हा गुन्हा नाही. महाराष्ट्रात स्थिती वेगळी आहे. येथेही १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा झाला होता, पण तो कधीच अंमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा मात्र लागू आहे. म्हणून नाशिक किंवा लोणावळ्याच्या ‘क्लब’मध्ये अशी नोकरी कोणी देऊ केली, तर वडिलांची धाडीची भीती तेथे अगदी रास्त ठरेल. घरबसल्या ऑनलाइन कॅसिनोचे काम म्हणाल, तर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आहे. आपल्या राज्यात पैज स्वीकारणाऱ्या कारकुनाची कायदेशीर नोकरी आहे ती महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवरील टोटच्या, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर अधिकृत पैजा घेणाऱ्या, खिडकीत, पण ती हंगामी असते.

उत्तर (चोपडा)

चाळीस हजार देऊ नका. नेमणूकपत्रावरील कंपनीचे नाव शोधून तिच्या पणजीतील कार्यालयाला स्वतः फोन करा आणि निवड झाली आहे का, हे विचारा; एजंटाने दिलेल्या क्रमांकावर नको. आणखी एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हाच एजंट ऐनवेळी ‘गोव्यातली जागा भरली, थायलंडला किंवा कंबोडियाला जास्त पगार आहे’ असे म्हणू लागला, तर तेथेच बोलणे थांबवा. कॅसिनोच्या किंवा डेटा एंट्रीच्या नावाखाली नेलेल्या भारतीय मुलांना म्यानमारच्या म्यावाडी भागात डांबून त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेतली गेली आणि सरकारला त्यांना सोडवून आणावे लागले. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावरील नोंदणीकृत यादीत असावा लागतो, आणि त्यालाही सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक घेता येत नाही.

नेमणूक खरी निघाली, तर भुसावळहून गोवा एक्स्प्रेस आहेच. रुजू होताना वडिलांनाच सोबत न्या आणि राहण्याची सोय त्यांच्या डोळ्यांनी पाहू द्या.